पाच सह्यांची कथा

सेक्रेटरींना कथेतल्या पात्राची सही लागायची. हे मी गमतीने म्हणत नाही. कथेत ज्याच्या मनात शिरून लिहिलं असेल त्या माणसाला गाठायचं, तो भाग मोठ्याने वाचून दाखवायचा, "हे तुमच्या मनात येईल का?" असं विचारायचं आणि तो हो म्हणाला की पानाखाली पेन्सिलीने त्याची सही घ्यायची, ही त्यांची लेखनपद्धती. सही नाही तर कथा पुढे सरकत नसे. मी आमच्या वाचनालयाच्या दिवाळी अंकाची संपादक. मला छापखान्याची तारीख असते. सेक्रेटरींना असल्या किरकोळ गोष्टींशी काही देणंघेणं नव्हतं.

त्यांना नाव होतं, पण भाईंदरच्या जेसल पार्कात ते कुणी वापरत नसे. आपल्या सोसायटीचे ते इतकी वर्षं सेक्रेटरी होते की तिथली निवडणूक ही फक्त समोसे खाण्यापुरती उरली होती. मूळचे लांज्याकडचे. एका औषध कंपनीच्या कचेरीतून निवृत्त झालेले. सभेचं इतिवृत्त लिहायला बसले की प्रत्येकाचं म्हणणं लिहीत. पार्किंगवरून तळमजल्यावरचे शहा काय म्हणाले, त्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या बाई काय म्हणाल्या, आणि शहांच्या आईने मध्येच हात वर करून काहीच का म्हटलं नाही, तेसुद्धा. मग ते कागद घेऊन दारोदार जात आणि ज्याचं त्याला वाचून दाखवून सही घेत. कुणी कंटाळून म्हणालं, "काका, छोड़ो ना, ठीक ही लिखा होगा," तर हे दारातच उभे राहत आणि म्हणत, "नहीं नहीं, तुम्हारा म्हणणं राह गया तो?" त्यांचं हिंदी असंच होतं. त्या हिंदीवर त्यांनी अख्खी सोसायटी चालवली.

अशा माणसाला निवृत्तीनंतर कथा लिहायची हुक्की आली आणि तो रविवार सकाळच्या आमच्या कथाकट्ट्यावर येऊन बसला. त्यांची पहिली कथा लग्नाच्या पंगतीवर होती. तिच्यातलं एक वाक्य मला अजून पाठ आहे: 'भात कमी पडणार असं वधूपित्याला वाटलं आणि भात कमी पडणार नाही हे आचाऱ्याला माहीत होतं, पण ते वरमाईला माहीत नसल्यामुळे तिने नाक मुरडलं.' एका वाक्यात तीन डोकी! पुढच्या पानावर बँडवाला आणि नवरदेवाचा बूट पळवणारी करवलीही बोलायला लागली. कथा संपली तेव्हा पंगतीत एकही माणूस असा उरला नव्हता की ज्याच्या मनातलं मला कळलं नाही, आणि कथा कोणाची ते मात्र मला कळलं नव्हतं.

मी त्यांना नीट समजावलं. म्हटलं, "काका, लघुकथेला एक डोकं पुरतं. फार तर दोन. वाचक एका माणसाच्या खांद्यावर बसून निघालेला असतो. त्याला दर चार ओळींनी उतरवून दुसऱ्याच्या खांद्यावर बसवलंत तर तो घरी निघून जाईल." त्यांनी मान डोलावली. मग म्हणाले, "संपादकबाई, सर्वसाधारण सभेत एकटा अध्यक्षच बोलला तर तिला आपण सभा म्हणतो का?" याला माझ्याकडे उत्तर होतं. पण ते सांगेपर्यंत सेक्रेटरी सगळ्यांचा चहा सांगायला खाली गेले होते. वाद जिंकायची ही त्यांची जुनी रीत, असं त्यांच्या सोसायटीतले लोक सांगत.

निदान एका डोक्यातून दुसऱ्यात जाताना मध्ये तीन चांदण्यांची खूण द्या, म्हणजे वाचकाला कळेल, असं मी सुचवलं. पुढची कथा आली ती चांदण्यांनी खचाखच भरलेली. मी कपाळाला हात लावला. दुसरा माणूस बोलायला आणायचा तर त्याने पहिल्याला माहीत नसलेलं काहीतरी आणलं पाहिजे, नुसती हजेरी लावून जाता कामा नये, हे मी त्यांना इतक्यांदा सांगितलं की शेवटी मीच ते झोपेत बडबडू लागले. माझा नवरा म्हणाला, "त्यांना एकदाचं छापून टाक आणि मोकळी हो." त्याला काय जातंय बोलायला!

सह्यांच्या पद्धतीवर मी आधी खूप हसले होते. एका कथेत त्यांनी स्टेशनजवळ बसणाऱ्या मासेवालीचा भाग लिहिला. उत्तनची फिलोमिना, जिच्याकडून ते नेहमी मासळी घेत, तीच डोळ्यांसमोर होती. एका रविवारी मी बाजारात गेले तर हे टोपलीशेजारी उकिडवे बसून तिला तिचं मन वाचून दाखवताहेत, आणि गिऱ्हाइकं खोळंबलेली. फिलोमिनाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "यात मी रडते कशाला? मी न्हाय रडत. पापलेट संपला की गिऱ्हाईक रडतं. हे काढ." त्यांनी तिथल्या तिथे तिचं रडणं खोडलं. त्यामुळे कथा सुधारली, हे मला मान्य करावं लागलं. पण मान्य करताना माझा चेहरा कसा झाला होता ते मला विचारू नका.

मग त्यांनी 'गळती' लिहायला घेतली.

ही कथा त्यांच्या स्वतःच्या घरातली होती. त्यांच्या वरच्या फ्लॅटमध्ये दिनकर साळवी राहत. सेक्रेटरी आणि साळवी एकाच गावचे, एका शाळेतले. लग्नाआधी परळच्या एका खोलीत दोघांनी एकत्र दिवस काढले आणि भाईंदरला जागा घेतल्या त्याही एकावर एक, म्हणजे जिना उतरला की मित्र. मग काही वर्षांपूर्वी सेक्रेटरींच्या हॉलचं छत ओलं व्हायला लागलं. प्लंबर पाठवला तर साळवींनी त्याला पहिल्या वेळी आत घेतलं आणि नंतर दारातूनच परत लावलं. "माझ्या घरात कुणी पाय ठेवायचा नाही," म्हणाले. सोसायटीच्या सभेत विषय निघाला. साळवी तावातावाने उठून गेले. सेक्रेटरींनी आपल्या रिवाजाप्रमाणे इतिवृत्तात लिहिलं की सभासद साळवी सहकार्य करत नाहीत. त्यावर साळवींनी सही केली नाही आणि त्या दिवसापासून बोलणं बंद केलं. जिना एकच. समोरासमोर आले की साळवी भिंतीकडे बघत वर चढायचे.

कथेत पाच भाग होते. खालचा नवरा, खालची बायको, प्लंबर, वरची बायको आणि वरचा नवरा. मी म्हटलं, "काका, ही तुमची कथा आहे. खालच्या नवऱ्याकडून लिहा. मित्र वर राहतो आणि दार उघडत नाही, एवढं पुरेसं आहे. बाकी चौघांना घरी पाठवा." ते म्हणाले, "दिन्याचं म्हणणं सभेत राहिलं. निदान कथेत तरी येऊ दे." असं म्हणताना त्यांचा आवाज जरा वेगळा झाला. या माणसाला कथा नको होती, मित्र हवा होता, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. पण अंकाची सहा पानं मी त्या कथेसाठी राखली होती आणि मला दोन्ही हवं होतं.

सह्या जमू लागल्या. प्लंबरने आपला भाग दुकानाच्या पायरीवर बसून ऐकला. "मेरा दुकान का नाम भी डालो ना साहब," एवढी एकच दुरुस्ती त्याने सुचवली. सेक्रेटरींच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, पोळ्या लाटता लाटता आपला भाग ऐकला आणि म्हणाल्या, "एवढी शहाणी मी कधी होते? आणि एक राहिलंय बघा. गळती असेल तर रोज गळेल. ही एक दिवस गळते, मग आठ दिवस कोरडी. ते लिहा." सेक्रेटरींनी लिहिलं. मला ते वाक्य अडगळीचं वाटलं. मी त्यावर 'काढावे' अशी खूण केली होती.

वरच्या नवऱ्याचा भाग मात्र काही केल्या जमेना. पहिल्या खर्ड्यातला साळवी मिशीला पीळ देत फिरत होता आणि मुद्दाम बादल्या उपडी करत होता. मी म्हटलं, "हा माणूस नाही, हा तक्रारअर्ज आहे." दुसऱ्या खर्ड्यात तो एकदम इतका गरीब झाला की त्याचा राग यावा. तिसऱ्यात तो लहानपणच्या ओढ्यात पोहत होता. छापखान्यातून फोन यायला लागले. मी सेक्रेटरींवर चिडले, त्यांच्या सहीवर चिडले, आणि ज्याला मी कधी पाहिलंही नव्हतं त्या साळवींवर सगळ्यात जास्त चिडले. "चार भाग तयार आहेत, पाचवा सोडून द्या," असं मी अगदी निर्वाणीचं सांगितलं. सेक्रेटरी म्हणाले, "ज्याचं ऐकायचं म्हणून बसलो, त्यालाच सोडून द्यायचं?"

आणि मग एका शनिवारी ते वाचनालयात आले आणि माझ्यासमोर वरच्या बायकोच्या भागाचं पान ठेवलं. एकच पान होतं ते. त्याखाली साळवीवहिनींची सही होती. त्याखाली पुन्हा साळवीवहिनींची सही, आणि त्याखाली पुन्हा तीच. तिसरी सही ओळ सोडून तिरकी खाली उतरलेली.

नवरे बोलत नसले तरी वहिनी सेक्रेटरींशी बोलत असत. साळवी काशीमीऱ्याला एका गोदामात हिशेबाचं काम बघत, त्यामुळे दिवसभर त्या एकट्या. दुपारी इमारतीखालच्या बाकावर बायकांत येऊन बसत. तिथे सेक्रेटरींनी त्यांना त्यांचा भाग वाचून दाखवला. त्या खूप हसल्या. म्हणाल्या, "भावोजी, मी ह्यांना कधी नावाने हाक मारत नाही, तेवढं बदला." आणि सही केली. पुढच्या आठवड्यात त्याच बाकावर त्या म्हणाल्या, "तुम्ही म्हणे गोष्ट लिहिताय. सगळ्यांना वाचून दाखवलीत, मलाच नाही." सेक्रेटरींना वाटलं, चेष्टा करताहेत. त्यांनी चेष्टेला साथ म्हणून पुन्हा वाचलं. वहिनी तितक्याच हसल्या, तीच दुरुस्ती सांगितली आणि आधीच्या सहीखाली सही केली. वरची सही त्यांना दिसत होती, पण ती त्यांना काही सांगत नव्हती. तिसऱ्या वेळी सेक्रेटरींनी मुद्दाम काही न बोलता पान पुढे केलं.

"संपादकबाई, वरचा माणूस मी चुकीचा लिहिला," ते म्हणाले.

आमच्याकडे नळाला पाणी चोवीस तास नसतं हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. सोसायटी ठरलेल्या वेळी पाणी सोडते. सेक्रेटरींनी जुळवलं ते असं: वहिनी दुपारी नळ उघडायच्या, पाणी नाही म्हणून तसाच सोडून द्यायच्या आणि विसरायच्या. संध्याकाळी पाणी सुटलं की बाथरूम भरून बाहेर वाहायचं. कधी साळवी वेळेवर पोहोचायचे, कधी नाही. म्हणून एक दिवस गळे आणि आठ दिवस कोरडं. पाइपला काही झालंच नव्हतं. वहिनींना विसरायला होतंय हे कुणाला कळू नये म्हणून त्या माणसाने स्वतःला उर्मट म्हणवून घेतलं होतं, आणि सभेतून उठून गेला होता तोही यासाठीच.

काकूंचा आणि वहिनींचा, दोन्ही भाग आता अडगळीचे राहिले नव्हते. काकूंच्या त्या वाक्यावरची माझी खूण मी खोडली. एकाच डोक्यातून ही कथा कधीच उलगडली नसती, हे मी सेक्रेटरींना तिथल्या तिथे सांगितलं. त्यांचं लक्ष नव्हतं.

पाचवा भाग त्यांनी एका दमात लिहिला. तो वाचून मी उठले आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले. इतकी वर्षं अंक काढते आहे, असं माझ्या हाती फार थोडं आलं आहे. मी सगळी कथा स्वतः टाइप केली. सहीसाठी रविवारी सकाळी त्यांच्याबरोबर मीही गेले, कारण या वेळी मला कथा हातची जाऊ द्यायची नव्हती.

साळवींनी आतलं दार उघडलं, बाहेरचा जाळीचा दरवाजा उघडला नाही. "काय आहे?" म्हणाले. सेक्रेटरींनी चष्मा लावला आणि जिन्यात उभ्या उभ्या वाचायला सुरुवात केली. साळवी दार लावून घेतील असं मला वाटत होतं. त्यांनी लावलं नाही. नळाचा उल्लेख जवळ आला तसा सेक्रेटरींनी आवाज इतका खाली आणला की शेजारी उभी असून मला ऐकू येईना. साळवींनी कडी काढली. "आत ये. बाहेर वाचू नको," म्हणाले.

आत वहिनी भाजी निवडत होत्या. त्यांनी आम्हाला बघून तोंड भरून स्वागत केलं आणि चहा टाकायला गेल्या. पाठोपाठ साळवी गेले, गॅस पेटवून दिला आणि परत आले. सेक्रेटरींनी उरलेलं वाचलं.

"असंच आहे," साळवी म्हणाले. "तुला कसं कळलं ते विचारत नाही. पण छापू नको."

मी मध्ये पडले. म्हटलं, "नावं बदलू, इमारत बदलू, गाव बदलू." साळवी माझ्याकडे न बघता मित्राला म्हणाले, "ती अजून खाली बायकांत जाऊन बसते. अजून तिच्याकडे कुणी तसं बघत नाही. जेवढे दिवस मिळतायत तेवढे मिळू देत."

सेक्रेटरींनी कागदांची चळत सरळ केली आणि साळवींच्या हातात दिली. एका शब्दाने वाद घातला नाही. सही मागितली नाही. आम्ही चहा प्यायलो. चहात साखर नव्हती आणि दोघंही मित्र तो चवीने प्याले. मी संतापाने दणदणत जिना उतरले. माझी सहा पानं गेली होती, आणि ज्याच्यावर ओरडावं असा समोर कुणी नव्हता. त्या वर्षी त्या जागी फराळाच्या कृती आणि एका क्लासची जाहिरात छापली.

पुढच्या सभेत सेक्रेटरी उभे राहिले आणि म्हणाले की गळतीचा शोध लागला आहे, दोष त्यांच्याच फ्लॅटमधल्या जुन्या पाइपचा होता. शहा म्हणाले, "मतलब साळवीजी को फोकट में सुनाया?" "हां, फोकट में," सेक्रेटरी म्हणाले, आणि ते त्यांनी इतिवृत्तात स्वतःच्या हाताने लिहिलं. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्याच्या तोंडचा शब्द इकडचा तिकडे केला नाही, त्याने लिहिलेली ही थाप आहे. संध्याकाळी पाणी सुटायच्या वेळी काकू वर जाऊन बसायला लागल्या. मालिका बघायला जाते, असं सगळ्यांना सांगत.

पुढे वहिनी गेल्या. इमारत पुनर्विकासाला गेली. साळवी मुलीकडे नाशिकला राहायला गेले आणि सेक्रेटरी काकूंना घेऊन लांज्याला, गावच्या घरी. निघताना मी स्टेशनवर गेले होते. तेव्हाही मी कथेचा विषय काढला आणि त्यांनी बॅगा मोजायचं निमित्त करून तो टाळला. त्यांनी मग कथा लिहिल्या नाहीत. मी फोनवर आग्रह करते, तर म्हणतात, "इथे सगळी माणसं आपलं म्हणणं स्वतःच मोठ्याने सांगतात हो, माझी गरज नाही." मला त्यांची फार आठवण येते. कट्ट्यावर आता एकेका डोक्यातून सुबक कथा लिहिणारी मंडळी येतात. मी जे शिकवलं तेच लिहितात आणि मला कंटाळा येतो.

हा लेख लिहून झाल्यावर, दुसरं काय करणार, मी साळवींना फोन करून वाचून दाखवला. ते ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "चालेल. आता कुणापासून लपवायचं? नावं तेवढी बदला." मग मी सेक्रेटरींना फोन लावला. पूर्ण लेख वाचला आणि म्हटलं, "काका, शेवटी वहिनींचा भाग जोडते आहे. एकच पान आहे, माझ्याकडे टाइप केलेलं आहे. साळवींची हरकत नाही." खरंच, त्या पाच भागांत सगळ्यात चांगलं पान ते आहे. एका बाईला आपल्या हातून काहीतरी निसटतंय हे कळतं आणि काय ते कळत नाही, हे मी इतकं साधं लिहिलेलं दुसरीकडे वाचलेलं नाही. आणि गंमत म्हणजे ते त्यांनी काही माहीत नसताना लिहिलं होतं.

"वहिनींना विचारलंत?" सेक्रेटरी म्हणाले.

"काका, वहिनी नाहीत आता."

"म्हणूनच विचारतोय."

"पण त्यांनी सही केली आहे. तीनदा केली आहे!"

"तीनदा केली म्हणजे एकदाही नाही, संपादकबाई," ते म्हणाले. "त्यांना काय वाचून दाखवलं ते त्यांच्यापाशी राहिलंच नाही. मग हो कुणी म्हटलं?"

मी खूप भांडले. साहित्य म्हणजे काय, वाचकाचा हक्क म्हणजे काय, सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकत राहिले, जसे सभेत शहांचं ऐकायचे. शेवटी मी फोन आपटला.

ते पान इथे दिलेलं नाही. वाचकांना राग येईल. येऊ दे, मला तर अजून आहे.